शेतकऱ्याला पूर्ण भाव

"नाना, जाहीर झाला तेवढा तरी भाव द्या," असोद्याचा शेतकरी उखर्डू ओट्यावरून म्हणाला. केळीची दलाली करणारे नाना सुपारी कातरत म्हणाले, "परवडत नसेल तर घाल केळी गुरांपुढे."

आतून ऐकणाऱ्या सुनेला, चारुलताला, सासऱ्यांची शिसारी आली. निदान आपल्या हातून तरी पाप नको, म्हणून तिने 'शेतकऱ्याला पूर्ण भाव' देणाऱ्या कंपनीचं महागडं केळी-चॉकलेट मागवलं.

पार्सल आलं. तुकडा तोंडात टाकून तिने वेष्टनावरचा हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो पाहिला, आणि तुकडा परत हातावर काढला.



नाना मागून डोकावले. "झकास आलोय ना, सूनबाई? बाग उखर्डूची, गळ्यातलं उपरणंही त्याचंच. शी, काय घामट वास मारत होतं!"