गार्टरची रांग

नवरीने फुलांचा गुच्छ फेकायची वेळ झाली तशी माइकवाल्याने हॉलमधल्या सगळ्या बिनलग्नाच्या पोरींना पुढे बोलावलं, आणि रोंडा होती तिथेच बसून राहिली. मांडीवर तिची चार वर्षांची मुलगी, जोडी, होती. तिच्या ताटलीतल्या हॅमचे आधीच बारीक केलेले तुकडे रोंडा आणखी बारीक करत राहिली.

लग्न धाकट्या बहिणीचं, टॅमीचं. मंगळवारी न्यायाधीशाने रोंडाच्या आणि कर्टच्या घटस्फोटावर सही केली होती, आणि त्या दोघांखेरीज इथे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. टॅमीचा दिवस नासायला नको, तेव्हा रविवारपर्यंत गप्प राहायचं, अंगठ्या घालायच्या, एकाच गाडीतून यायचं, असं ठरलं होतं. कल्पना रोंडाचीच. कर्ट नुसता बरं म्हणाला होता.

आणि त्याने पाळलंही होतं. चर्चच्या पायरीवर वाकून त्याने जोडीच्या बुटाचा पट्टा लावला. रोंडाच्या आईला हात धरून गाडीतून उतरवलं. जेवणाआधी एक पोल्का तो रोंडाबरोबर नाचला, आणि हात तिच्या पाठीवर ठेवला तो नेहमीच्याच जागी, न शोधता. तेवढ्यावर रोंडाने मनात एक वाक्य तयार केलं होतं. दारात गाडी थांबेल, जोडी मागे झोपलेली असेल, तेव्हा म्हणायचं, आज राहा ना. बस, एवढंच. मग ती ते वाक्य जिभेवर घोळवत बसली होती.

गुच्छ नवरदेवाच्या, डगच्या, चुलत बहिणीच्या हाती लागला. मग गार्टर.

नाचाच्या फरशीवर मधोमध खुर्ची टाकून टॅमीला बसवलं. डगने गुडघे टेकले आणि तिच्या झग्याच्या घेरात डोकं खुपसलं. मागच्या टेबलांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. शेजारी बसलेल्या अर्लीन मावशीने डोळ्यांवर रुमाल धरला आणि त्याच्या वरून सगळं नीट पाहून घेतलं. डग बाहेर आला तेव्हा केस विस्कटलेले होते, आणि दातांत टॅमीच्या मांडीवरचा गार्टर, लेसचा निळा पट्टा.

"आता बिनलग्नाचे गडी," माइकवाला म्हणाला. "टेबलाखाली शिरू नका, मला दिसताय तुम्ही."

दहाबारा पोरं एकमेकांना ढकलत फरशीवर आली. कर्टने ग्लास खाली ठेवला आणि उठला. रोंडाला वाटलं, बाहेर मोकळ्या हवेत निघाला. तो दाराकडे वळला नाही. पोरांच्या मागे, शेवटच्या माणसापासून हातभर अंतर ठेवून, उभा राहिला.

आधी एक जण हसला, मग सगळा हॉल. डगच्या काकांनी ओरडून सांगितलं की बाबा रे, तुझी गाडी सहा वर्षांपूर्वीच सुटली, आता बस खाली.

"नवऱ्याला आवर गं रोंडा," अर्लीन मावशी तिला कोपर मारत म्हणाली. "चढलीय त्याला."

चढली नव्हती. एकच ग्लास झाला होता, तोही अर्धा. रोंडा मोजत होती, कारण परतताना गाडीत जोडी असणार होती.

"हौस आहे त्याला, मावशी," ती म्हणाली, आणि हसली. चांगलं हसू आलं तिला. तिचं तिलाच नवल वाटलं.

माइकवाल्याला तर आयतंच सापडलं. "साहेब, बोटात अंगठी दिसतेय मला इथून. रांग चुकली का?"

कर्टने हाताकडे पाहिलं. तो हात हळूच खिशात घातला.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

पुन्हा हशा पिकला. एवढ्या माणसांत तो एकटाच थट्टा करत नव्हता, आणि हे कळलेली ती एकटीच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं असतं तरी चाललं असतं. रागाने का होईना. तो वर छताला टांगलेल्या कागदी घंटांकडे बघत होता.

डगने पाठ फिरवली आणि पट्टा मागे उडवला. पोरांनी नेहमीसारखंच केलं. झेलला तर लग्न जडेल, म्हणून सगळी कोंबड्यांसारखी फाकली. पट्टा त्यांच्यावरून गेला आणि कर्टच्या बुटापाशी पडला. कर्टने खाली पाहिलं, आणि एक पाऊल मागे घेतलं.

कुणी उचलेना. माइकवाला आर्जवं करू लागला. तेवढ्यात रोंडाची मांडी हलकी झाली. तिचा हात पोहोचेपर्यंत जोडी टेबलाच्या कोपऱ्याखालून निसटून फरशीवर गेली होती. तिने वाकून पट्टा उचलला, धूळ झटकली, आणि टाळ्यांच्या कडकडाटात धावत परत आली.

"आई, हे बाबाचं पडलं," ती म्हणाली. "तू ठेव."

तिने तो रोंडाच्या पंजावरून मनगटावर चढवला. फार सैल होता. अर्लीन मावशी डोळे पुसत हसत होती, रोंडाची आईसुद्धा. गळून पडू नये म्हणून रोंडाने दुसऱ्या हाताने तो वरून धरून ठेवला.

टॅमीच्या अंगाची ऊब अजून त्यात होती.