मडक्याच्या गळ्यातली चांदी

हॅलोरन साहेबांनी इलाच्या हातात पक्कड दिली आणि मडक्याकडे बोट दाखवलं.

ॲरिझोनातल्या त्या म्युझियममध्ये होपी या तिथल्या मूळ अमेरिकन जमातीच्या मातीकामाची स्पर्धा होती आणि मडकं सगळ्यांत देखणं होतं, हे मुख्य परीक्षक म्हणून साहेबांनाही मान्य होतं. मधाच्या रंगाची माती, अंगावर काळे पक्षी. घोटाळा गळ्यापाशी होता. तिथे चांदीचा पट्टा बसवलेला, त्यात पावसाचे ढग कोरलेले. साहेबांच्या मते परंपरा म्हणजे माती, रानातले रंग आणि मेंढ्यांच्या लेंड्यांवरची भाजणी. चांदी उचकटली तर पहिलं बक्षीस, नाहीतर मडकं स्पर्धेबाहेर.

मडकं घडवणारी व्हर्ना समोरच हाताची घडी घालून उभी होती. एरवी ती होपींच्या हायस्कुलात इतिहास शिकवायची. इला तिला मनातल्या मनात मावशी म्हणे. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या मराठी घरात वाढलेल्या पोरीला मोठ्या बाईचं नुसतं नाव घेणं जड जातं. सकाळीच एका पर्यटकाने इलालाही मूळ अमेरिकन समजून तिची जमात विचारली, तेव्हा तिने सनीव्हेल असंच सांगितलं होतं. म्युझियममध्ये ती साहाय्यक होती, आणि तिला कायम करायचं की नाही, हे साहेबच ठरवणार होते.

"माझा नाइलाज आहे, व्हर्ना," साहेब हळहळले. "चांदीचं काम तुमच्याकडे अगदी अलीकडे आलं. बाहेरून."

"आणि मेंढ्या?"

साहेबांना काही उमगलं नाही.

"मेंढ्या स्पॅनिश लोकांनी आणल्या," वर्गात सांगावं तसं व्हर्नाने सांगितलं. "त्यांच्याबरोबर पाद्री आले. पाद्री आम्ही ठेवले नाहीत. मेंढ्या ठेवल्या. हे मडकं त्यांच्याच लेंड्यांवर भाजलंय. तेव्हा आधी यातली मेंढी काढा. मग चांदीचं बघू."

साहेबांनी इलाकडे पाहिलं. इलाने पक्कडीकडे पाहिलं. मग मूठ त्यांच्या बाजूला करून ती पक्कड तिने त्यांच्यापुढे धरली.

"सर, तुम्हीच काढा," ती म्हणाली. "मेंढी कुठून धरायची, मला माहीत नाही."

हॅलोरन साहेबांनी पक्कड घेतली नाही. पण मान पुढे करून मडक्यात एकदा डोकावून मात्र पाहिलं.