खात्रीलायक सूत्रांकडून

राजकीय बातमीदार म्हणून तिचा हा तिसराच आठवडा. मंत्रालयात एकही मंत्री तिला दारात उभं करत नव्हता, म्हणून ती त्या दारांवरच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांशीच गप्पा मारत बसायची. काल काका ब्रश धुता धुता सहज बोलून गेले, "शिक्षणमंत्र्यांचं नाव पुसून ठेवायला सांगितलंय. नवीन नाव सोमवारी देतो म्हणाले."

तिने दोन कारकुनांकडून खात्री करून घेतली आणि आज पहिल्या पानावर तिच्या नावानिशी बातमी झळकली: शिक्षणमंत्र्यांना डच्चू. आईने सकाळीच पेपरच्या पाच प्रती आणल्या. संपादकांचं मात्र धाबं दणाणलं होतं, कारण पक्षातलं कोणीच फोन उचलत नव्हतं.

"बातमी खोटी निघाली, तर राजीनामा मंत्र्यांनी नाही, तू द्यायचास," ते म्हणाले.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. फोनवर खुद्द शिक्षणमंत्री होते. संपादकांनी खुणेनेच तिला स्पीकर सुरू करायला लावला.

"ही बातमी तुम्ही दिलीत?"

"हो, साहेब," ती कशीबशी म्हणाली. "खात्री करूनच दिली आहे."





पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला आणि मंत्री हळूच म्हणाले, "बाई, मला इथे कोणी काही सांगतच नाहीये हो. माझ्या जागी कोण येतंय, तेवढं कळलं का?"