आत्याचं माप

नासीरने साध्या लोखंडात करून पाहिलेल्या दांड्याची मधली नळी चिमटीत धरून फिरवली. नळीच्या एका बाजूला सुलटे आटे, दुसऱ्या बाजूला उलटे. त्यामुळे ती फिरली की दांड्याची दोन्ही टोकं एकाच वेळी बाहेर सरकत. असाच, पण चांगल्या स्टीलचा दांडा उखर्डूच्या नऊ वर्षांच्या पोरीच्या, कोकिळाच्या पाठीत, वाकलेल्या कण्याशेजारी बसायचा होता. दर सहा महिन्यांनी पाठीला छोटा छेद घ्यायचा, नळीला दोन फेरे द्यायचे, पोर वाढेल तसा दांडा वाढवायचा. एकोणनव्वद साली जळगावात अशी वस्तू विकत कुठे मिळणार? कागदावरची आकृती डॉक्टर वारक्यांची होती, पण उलट्या आट्यांची अक्कल नासीरची. ज्याचा जन्म ट्रकचे जॅक दुरुस्त करण्यात गेला, त्याला एवढं सुचायचंच.

"साहेब, आटे अडीच इंच पाडतो," खरं स्टील लेथवर चढवत नासीर म्हणाला. "पोरगी सोळा-सतरापर्यंत वाढेल."

"अर्धा इंच पाडा," दाराशी उभे डॉक्टर म्हणाले.

"अर्ध्या इंचात काय होतं साहेब? वर्षात संपेल."

डॉक्टर जवळ आले. "आटे जितके लांब, तितका दांडा कच्चा, हे तुम्हीच मला सांगितलं नासीरभाई. मला तो पक्का हवाय. कोकिळाचा आजार कण्याचा नाही, स्नायूंचा आहे. आता हृदयापर्यंत पोचलाय. कणा सरळ झाला तर तिला बसता येईल, श्वास नीट घेता येईल. वर्षभर. फार तर सव्वा वर्ष."

नासीरचा हात मशीनवरच थांबला. "बापाला माहीत आहे?"

"कितीदा सांगायला बसलो. तो दांड्याबद्दलच विचारत राहतो."

नासीरने अर्धा इंच आटे पाडले. हातून पाप होतंय असं त्याला वाटत होतं, आणि तरी एकही आटा वाकडा गेला नाही. मग त्याने मशीन बंद केलं.

लेथवर येणारा माणूस नमुना घेऊन येतो, ही रीतच आहे. झिजलेला शाफ्ट आणायचा, तसाच नवा करून न्यायचा. नमुना नसेल तर कारागीर हात लावत नाही. मागच्या खेपेला नासीर उखर्डूला सहज बोलून गेला होता, की पोरगी किती उंच होणार ते कळलं तर आटे बरोबर ठेवता येतील. उखर्डूने ते फारच मनावर घेतलं होतं. दांडा लेथवरून उतरला तोच तो सकाळच्या एस.टी.ने नमुना घेऊन आला.

नमुना म्हणजे त्याची थोरली बहीण, कोकिळाची आत्या झुंबरबाई. चांगली उंचपुरी बाई. कारखान्यात शिरताना तिला चौकटीखाली मान वाकवावी लागली.

"हाई मन्ही अक्का," उखर्डू म्हणाला. "भडगावथीन ली उनू. मन्ही कोकिळा फुईवर गई शे. नाक, डोया, बठ्ठं फुईनं. मंग उंचीबी फुईनीच व्हई. हिनी पाठ मोजी ल्या."

एरवी अशा गोष्टीवर कारखान्यात आठवडाभर हसणं चाललं असतं. आज नासीरने बाईला बसायला स्टूल पुढे केलं.

डॉक्टरांनी तयार दांडा उखर्डूच्या हातात दिला. "सध्या एवढे आटे पुरतील उखर्डूभाऊ."

उखर्डूने आट्यांवर बोट ठेवलं. ते बोटाखाली झाकले गेले. "इतलाच? आनि पोर वाढनी म्हंजे?"

"मग दुसरा बसवू," डॉक्टर म्हणाले. थाप इतकी पटकन तोंडातून गेली की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

 झुंबरबाई दांडा बघत नव्हती, डॉक्टरांचं तोंड बघत होती. घरातली आजारपणं जिने काढली, तिला डॉक्टरांचं तोंड वाचता येतं.

"साहेब," तिने विचारलं, "दुसरा बसाडशात ना?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. नासीर उगाचच फडक्याने हात पुसत राहिला. झुंबरबाईने पदराचं टोक तोंडाशी नेलं. तिला काय ते कळलं होतं.

उखर्डूला मात्र मार्ग सापडला होता. "मंग दुसराबी आतेच बनाडी ठेवा नासीरभाऊ! लांब आटासना. अक्का आयती उनी शे, माप ली ल्या."

"नंतर घेऊ," नासीर कसंबसं म्हणाला. "घाई काय आहे?"

पण झुंबरबाई पुढे आली. तिने एकदा भावाकडे पाहिलं. त्याचा चेहरा लग्नाची तारीख निघाल्यासारखा फुलला होता. "ल्या भाऊ, माप ल्या," ती नासीरला म्हणाली आणि सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

परक्या बाईच्या अंगाला हात कसा लावायचा, म्हणून नासीरने टेपचं वरचं टोक उखर्डूकडे दिलं. उखर्डूने ते बहिणीच्या मानेखाली दाबून धरलं. नासीर खाली गुडघ्यावर बसला आणि कमरेपाशी आकडा वाचू लागला. आकडा ठरेना. पाठ हलत होती, आणि तिच्याबरोबर टेपही.

"सरळ उभी राह्य ना, अक्का," उखर्डू म्हणाला. "पोरनं माप चुकी जाई."