तीन वाजून पाच मिनिटं

अठ्ठेचाळिसाव्या वेळी रेघ रेघेवर बसली.

नुसरत आधी बाटलीतलं पाणी प्यायली, मग तिने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. निळी रेघ तिच्या मॉडेलची, लाल रेघ सव्वीस वर्षांपूर्वीच्या तक्त्यावरची. तापमान जिथे चढलं होतं तिथे दोन्ही चढत होत्या, जिथे अडखळलं होतं तिथे दोन्ही अडखळत होत्या.

आंबीच्या तिच्या ऑफिसात रिफायनऱ्यांचे नकली प्लांट बनत. कॉम्प्युटरवरचे, ऑपरेटरांना शिकवायला. रिअॅक्टरमध्ये जाड तेलात तापलेली भुकटी सोडली की तेल तुटतं आणि त्याचं पेट्रोल होतं. भुकटी किती सोडायची, ते सगळं एका व्हॉल्व्हवर. तीन महिन्यांपूर्वी ज्या रिअॅक्टरचं काम त्यांच्याकडे आलं, त्याच्या कंट्रोल रूममधल्या बोर्डवर एके काळी तिचे अब्बा, ताजुद्दीन, बसायचे.

एका दुपारी तो रिअॅक्टर बेसुमार तापला आणि प्लांट एकोणीस दिवस बंद पडला. कुणी दगावलं नाही, पण अब्बांची नोकरी गेली. चौकशीत लिहिलं होतं, बोर्डवरच्या माणसाने व्हॉल्व्ह वेळेवर बंद केला नाही. बाहेर यंत्रांपाशी, फील्डवर ठेवलेल्या लॉगबुकातलं एक पान गायब होतं, तेही जाता जाता त्यांच्याच माथी मारलं. चाळीस दिवसांच्या नुसरतला घेऊन ते लोणावळ्याला आले आणि चिक्कीचं दुकान टाकलं. नातेवाइकांत मात्र ते कायमचे 'प्लांट जाळणारे' झाले. लग्नाकार्यात अजून कुणी ना कुणी हसत हसत ते बोलायचंच, आणि अब्बाही हसायचे. नुसरतच्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

माणसाने उशीर केला असं धरून तिने सत्तेचाळीस वेळा मॉडेल चालवलं होतं. उशीर दोन मिनिटांचा धरा, दहाचा धरा, रेघ काही केल्या जुळेना. आज तिने वेगळंच करून पाहिलं. व्हॉल्व्हजवळ एक लोखंडी चाक असतं, व्हॉल्व्ह तपासताना हाताने फिरवायचं. ते अर्धवट फिरवून तसंच सोडलं, तर बोर्डवरून कितीही हुकूम द्या, व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. तीन वाजून पाच मिनिटांनी चाक अर्धवट सुटलं, असं तिने टाकलं आणि रेघ बसली.

म्हणजे अब्बांची काही चूक नव्हती. तिला रडू आलं, आणि मागोमाग राग आला. त्या दुपारी चाकापाशी कोण होतं, ते चौकशीच्या कागदांत नावानिशी लिहिलेलं होतं. रतन. अब्बांचे तेव्हापासूनचे दोस्त, तिचे रतनकाका.

संध्याकाळी ती दुकानात शिरली तर तेच बसलेले. दर वर्षीप्रमाणे औंढ्याहून इंद्रायणी तांदळाची गोणी घेऊन आले होते. अम्मीने पहिला कप त्यांना दिला, दुसरा अब्बांना. हाही नेहमीचाच क्रम.

"आली का जीपवाली," रतनकाका म्हणाले. लहानपणापासून ते तिला हेच म्हणत. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

"काय म्हणतंय तुजं काम?"

"चाललंय. जुन्या चुका शोधतेय."

"लय चांगलं. घावत्यात का?"

"घावतात. ज्याची त्याची बरोबर घावते."

रतनकाकांनी उरलेला चहा बशीत ओतला. बशीतला चहा संपवून उठले, "येतो वहिनी," म्हणाले आणि जाता जाता नुसरतच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. तिने डोकं बाजूला घेतलं. अब्बांनी ते पाहिलं.

अम्मी तांदूळ ठेवायला आत गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नुसरतने मग सगळं सांगितलं, रेघांपासून चाकापर्यंत.

"सोमवारी हे रिफायनरीला पाठवणार आहे. तुमचं नाव साफ होईल, अब्बा."

अब्बा चिक्कीच्या वड्या कागदात गुंडाळत होते. ते थांबले नाहीत.

"किती वाजता अडकला म्हणतो तुझा कॉम्प्युटर?"

"तीन वाजून पाच मिनिटांनी."

"बरोबर सांगतो. हुशार आहे."

नुसरत बघतच राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"बोर्डवर मी होतो, बेटा. व्हॉल्व्ह ऐकेना, तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? लोकांनी अम्मीला काय काय ऐकवलं. आणि तो माणूस पेन्शन घेतोय. वर्षाला गोणीभर तांदूळ दिले की फिटलं का सगळं?"

"तो माणूस नको म्हणूस. रतन सांगायलाच निघाला होता साहेबांना. मीच अडवला त्याला. पानही मीच फाडलं."

"कसलं पान?"

"फील्डवरचा माणूस जागा सोडताना लॉगबुकात लिहून जातो, काही झालं तरी. त्यानेही लिहिलं होतं. साहेबांनी वाचलं असतं तर रतन गेला असता."

"त्याच्याऐवजी तुम्ही गेलात."

"हो," अब्बा म्हणाले. त्यांच्या आवाजात ना दुःख होतं ना तक्रार, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"मी पाठवणारच."

"पाठव. तुझं काम खरं आहे. पण मग हेही जोड."

त्यांनी वजनकाट्यामागचा पत्र्याचा डबा उघडून घडी घातलेला एक कागद तिच्या हातात दिला. एका बाजूने फाटलेला, घडीवर विरलेला. निळी शाई फिकी पडली होती, पण अक्षर रतनकाकांचंच होतं.

'दु. ३.०५. कॉलनीतून फोन. ताजूच्या घरी वहिनी बेशुद्ध, कळा सुरू, रक्त थांबत नाही. ताजूला कळवलं नाही, कळलं तर बोर्ड सोडून धावेल. चाक अर्धं सोडून जीप घेऊन निघालो. रतन.'