कठड्याबाहेरची कुंडी

आकडा तिच्या हातातच तुटला.

पुसायला म्हणून तिने कुंडी कठड्यावरून आत घेतली होती. ती अडकवायचा आकडा जरासा दाबला आणि तो वाळक्या काटकीसारखा कट्‌कन मोडला. तिने दुसरा दाबून पाहिला. तोही गेला.

कुंडी तिनेच घडवली होती. इमारतीतल्या घराघरातून बाटल्यांची झाकणं गोळा करायची, वितळवायची, साच्यात ओतायची. भिंतीला भोक नाही, स्क्रू नाही. कठड्याला बाहेरून अडकवली की घरातली जागाही जात नाही. भाजी धुतलेलं पाणी वर ओतलं की ते खालच्या कप्प्यात साठतं आणि माती लागेल तसं पिऊन घेते. पाहता पाहता सगळ्या इमारतीचे कठडे हिरवे झाले होते. मुलं तर तिला कुंडीताईच म्हणायची.

तिने बाल्कनीतून वाकून पाहिलं. वरपासून खालपर्यंत कुंड्याच कुंड्या, ओल्या मातीने जड झालेल्या. खाली फरशीवर मुली दोरीच्या उड्या मारत होत्या. वारा सुटला होता.

तिने कारखाना सांभाळणाऱ्या भागीदाराला फोन लावला.

"उन्हाने ठिसूळ झालं असणार," तो म्हणाला. "पण आज बोभाटा करू नकोस. उद्या दुकानवाले इमारत बघायला येतायत. त्यांची कुंड्यांची ऑर्डर एकदा पक्की होऊ दे, मग गुपचूप आकडे बदलून टाकू."

"आणि तोवर कुणाच्या डोक्यात पडली तर?"

"इतके दिवस पडली का?"

"त्यांना येऊ नका म्हणून कळव," ती म्हणाली आणि तो पुढे काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला.

सासरे दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चपला पायात सरकवत त्यांनी एवढंच विचारलं, "वरून सुरुवात करायची की खालून?"

"खालून, बाबा. आधी त्या मुलींना हलवू."

मग एकेक दार. कुणी म्हणालं, "अगं, टोमॅटो आत्ता कुठे धरलेत!" कुणी मुकाट्याने कुंडी आत घेतली आणि दार जरा जोरातच लावलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका तर अडूनच बसले. "हत्ती लटकला तरी तुटणार नाही, असं तूच म्हणाली होतीस ना?"

म्हणाली होती.

"तेव्हा हत्ती होता," सासरे म्हणाले. "आता वारा आहे. उतरवा बघू."

काकांनी कुंडी उतरवली.

सगळ्यात वरच्या मजल्यावर मात्र कुलूप होतं. तिथे नर्सबाई एकट्याच राहायच्या. त्या ड्यूटीवर, फोन बंद, किल्ली कुणाकडे नाही. शेजारीण म्हणाली, "येतील संध्याकाळपर्यंत."

आणि त्यांची कुंडी नेमकी इमारतीच्या मुख्य दाराच्या वर.

ती धावत खाली आली. मिळतील त्या खुर्च्या तिने दारासमोर गोल मांडल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला मागच्या दाराने पाठवायला लागली. सासरे मागच्या दाराशी उभे राहून लोकांना आत घेत होते. वर कुंडी वाऱ्याने हलायची, थांबायची, पुन्हा हलायची.

"काय झालं?" पिशव्या घेऊन आलेल्या एका बाईने विचारलं.

"काम चालू आहे," ती म्हणाली.

बाई इकडेतिकडे बघत राहिली. काम कुठेच दिसत नव्हतं. बाईने एक खुर्ची बाजूला सरकवली आणि पाय आत टाकला.

"थांबा!" ती ओरडली. आवाज चिरकला. "वरची कुंडी पडेल. मी केलेली आहे. आकडे कच्चे निघालेत."

बाईने वर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मागच्या दाराकडे गेली. त्यानंतर जो कोणी विचारेल त्याला ती खरं तेच सांगत राहिली. सांगून सांगून घसा कोरडा पडला, पण जागा सोडून पाणी प्यायला जायचा धीर होईना.

उन्हं कलली तेव्हा नर्सबाई आल्या. दमून पार गळून गेल्या होत्या. तिने घाईघाईने सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. किल्ली काढली आणि मागच्या दाराने वर गेल्या. सासरे पुढे येऊन खुर्च्यांपाशी थांबले.

थोड्या वेळाने वरच्या कठड्यावर दोन हात दिसले. त्यांनी कुंडीला खालून कवेत घेतलं. माती भुरभुर सांडली.

"धरलीय मी!" नर्सबाई वरून ओरडल्या. "आकडे सोडवू का?"

"सोडवा!"

"अगं, तू आधी बाजूला हो ना! बरोब्बर खाली उभी आहेस!"

तिने खाली पाहिलं. चारी बाजूंनी खुर्च्या, आणि मधोमध ती. एवढा वेळ ती तिथेच होती.

निघायला हवं होतं, पण पाय हलेनात. सासऱ्यांनी एक खुर्ची ओढून वाट केली, आत येऊन तिचा दंड धरला आणि तिला बाहेर घेऊन गेले. मग वर बघून हाक दिली, "हं, काढा आता!"

कुंडी कठड्यावरून वर उचलली गेली, क्षणभर तिरकी झाली आणि आत गेली.

"आली!" वरून आवाज आला. "काही झालं नाही गं!"

"चल," सासरे म्हणाले, "घरी चल."

सगळे कठडे आता रिकामे होते. तरी वर बघणारी तिची मान खाली येईना.