वाळूची गोणी

सत्त्याऐंशी साली जळगावात अग्निशामक दलाची भरती चालू होती. आगीत सापडलेल्या माणसाच्या जागी वाळूची गोणी खांद्यावर घेऊन पळायचं, चुन्याची रेघ ओलांडायची. गोणी जमिनीला टेकली की घड्याळ थांबायचं. त्यामुळे जो तो रेघेवर पोचताच गोणी धाडकन आपटत होता.

फैजपूरच्या केळीबागेत घड वाहणारा नथ्थू वाऱ्यासारखा पळाला. पण रेघेपाशी त्याची रोजची सवय आडवी आली. तो गुडघ्यावर बसला, गोणीखाली हात घातला आणि केळीचा घड ठेवावा तशी ती अलगद टेकवली.

"अंगाई पण म्हण रे तिला!" रांगेतून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. आपण वेळ घालवला हे नथ्थूला तेव्हा कळलं. नोकरी गेली, असं समजून तो मान खाली घालून उभा राहिला.

भरती घेणाऱ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग गोणीकडे पाहिलं.

"वेळेत बसतोय, अगदी काठावर. सकाळपासून एवढी माणसं आगीतून बाहेर काढली, पण डोकं न फुटलेलं हे पहिलंच. घ्या याला."

एसटीतून उतरल्यावर नथ्थू घरी गेलाच नाही. तो थेट केळीच्या बागेत गेला आणि मुकादम तोतारामनानांच्या पाया पडला.

"काहून रे?"

"नाना, घड आपटला का तुम्ही शिव्या द्यायचे ना, त्याच्यानं नोकरी लागली."

नाना गडबडले. आशीर्वादाचे शब्द काही सापडेनात. शेवटी त्यांनी नथ्थूच्या डोक्यावर हात ठेवला आणि मायेने एक कचकचीत शिवी हासडली.